चार डबे कमी

समोर ठेवलेला चहा नूतन आधी हुंगते. दूध आजचे की कालचे, चहा दुसऱ्यांदा उकळलेला आहे का, आणि आणणाऱ्याने वाटेत त्यातला घोट घेतला का, हे मनाशी ठरल्याखेरीज कप तिच्या ओठांना लागत नाही. अमळनेरबाहेर धुळ्याच्या रस्त्याला सरकीच्या तेलाची एक लहान रिफायनरी आहे. तिथे ती कित्येक वर्षे केमिस्ट म्हणून काम करते, आणि कामगार तिला पाठीमागे ‘फौजदारीण’ म्हणतात. हे तिला ठाऊक आहे. नाव कोणी ठेवले असावे, याविषयीही तिचा एक अंदाज आहे.

संशय तिच्या घराण्यात नव्हता. वडील चुडामण पाटील इतके भोळे, की व्यापाऱ्याच्या काट्यावर कापसाचे गाठोडे ठेवून ते तोंड फिरवून तंबाखू मळत बसत. काट्याकडे एकटक बघत उभी राही ती नूतन. फळीखाली अडकवलेला पाय काढायला तिने एकदा व्यापाऱ्याला भर बाजारात सांगितले होते, असे तिची आई वच्छलाबाई अजूनही सांगते. नूतनला तो प्रसंग आठवत नाही, त्यामुळे ती तो खराही धरत नाही. पुढे लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा तिने मुलाच्या पदवीची मूळ गुणपत्रिका बघायला मागितली. पाहुणे अर्धे पोहे ताटलीत टाकून उठले. मुलाची पदवी खरी होती, हे नंतर कळले. नूतनच्या मते त्याने काही सिद्ध होत नाही.

अशा स्वभावाला रसायनशास्त्र मानवले. ज्या दिवशी ती या नोकरीसाठी मुलाखतीला आली, त्या दिवशी मालक हितेंद्रशेठ यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता. “तेलातलं आम्ल दुबळं असतं म्हणतात. मग कॉस्टिक थोडं कमी टाकलं तर भागेल का?”

“नाही भागणार,” ती म्हणाली. “दुबळं म्हणजे थोडं नव्हे. दुबळं आम्ल आपलं सगळं एकदम सोडत नाही, एवढंच. पण कॉस्टिक येत राहिलं, की शेवटच्या कणापर्यंत देतं. म्हणून आम्ल किती जोराचं, ते मोजायचं नाही. किती आहे, ते मोजायचं.”

शेठना त्यातले निम्मेच कळले असावे. पण ‘शेवटच्या कणापर्यंत’ हे शब्द त्यांना आवडले आणि नोकरी पक्की झाली.

काम एका वाक्यात सांगता येण्याजोगे आहे: कच्च्या तेलात किती आम्ल आहे ते शोधायचे आणि ते मारायला नेमके किती कॉस्टिक सोड्याचे पाणी लागेल ते सांगायचे. त्यासाठी नूतन अठ्ठावीस पूर्णांक दोन दशांश ग्रॅम तेल तोलून घेते. त्यात कोमट अल्कोहोल आणि रंग दाखवणाऱ्या द्रावणाचे काही थेंब घालते, आणि वरच्या काचनळीतून ठरावीक ताकदीचे अल्कली, म्हणजे कॉस्टिकचेच पातळ द्रावण, थेंबाथेंबाने सोडते. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला, की आम्ल संपले. दहा मिलिलिटर अल्कली लागले तर तेलात एक टक्का आम्ल, तेरा लागले तर एक पूर्णांक तीन; तेलाचे ते विचित्र वजन हिशेब इतका सोपा व्हावा म्हणूनच घ्यायचे. त्यावरून दहा टनांच्या केटलला, म्हणजे तेल शुद्ध करायच्या मोठ्या टाकीला, किती कॉस्टिक लागेल हे निघते. आकडा कमी निघाला तर तेल आंबट राहते. जास्त निघाला तर त्याहून वाईट. आम्ल संपल्यावर उरलेले कॉस्टिक रिकामे बसत नाही. ते चांगल्या तेलाला हात घालते आणि त्याचा साबण करते.

निघालेला आकडा नूतन प्रयोगशाळेच्या खिडकीतून सांगते आणि खाली लोटनभाऊ तो ऐकतात. लोटनभाऊ केटलचे माणूस. नूतन आली त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथे आहेत. आकडा ऐकला, की ते तो एकदा मोठ्याने म्हणतात, कॉस्टिक मोजून सोडतात, आणि केटलच्या काठाशी बसून मेलेल्या आम्लाचा साबण होऊन खाली जमतो त्या गाळाकडे बघत राहतात.

यंदा होळीनंतर हिशेब बिघडला. दर घाणीला, म्हणजे केटलच्या एका खेपेला, तयार तेल पंधरा किलोचे चार डबे कमी भरू लागले.

सरकीचा हंगाम तेव्हा सरत आला होता. आठवड्याला जेमतेम एक घाणी निघे. पहिल्या खेपेला शेठ काही बोलले नाहीत. दुसऱ्या खेपेला त्यांनी काटा तपासून घेतला. तिसऱ्या खेपेनंतर ते नूतनच्या टेबलासमोर येऊन बसले.

“तुझा आकडा चुकतोय का?”

नूतनने आकडे पुन्हा करून दाखवले. आम्ल हळूहळू वाढत होते, हे खरे. पण उन्हाळ्यात जुन्या सरकीचे तेल आंबट होतेच. त्यात नवल नव्हते. वाढलेल्या आम्लाला वाढलेले कॉस्टिक तिने चोख काढले होते. “हिशेब बरोबर आहे, शेठ,” ती म्हणाली. “हिशेबाबाहेर जे गेलं, ते कोणाच्या तरी हाताने गेलं.”

बोलताना तिने खिडकीतून खाली पाहिले नाही. शेठनी पाहिले. खाली केटलपाशी हात होते ते लोटनभाऊंचे.

इथे आखाजीविषयी, म्हणजे अक्षय्य तृतीयेविषयी, सांगायला हवे. खानदेशात शेतावरच्या सालदाराचे, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नव्याने ठरते. शेठचे आजोबा सालदार ठेवणारे शेतकरी होते. कारखाना काढला, यंत्रे आली, पगार बँकेत जाऊ लागला, तरी ती रीत राहिली. आखाजीच्या सकाळी सगळे कामगार फाटकाशी जमतात आणि शेठ एकेकाच्या खांद्यावर नवे उपरणे टाकतात. ज्याच्या खांद्यावर उपरणे पडले, त्याचे पुढचे साल पक्के. ज्याच्या पडले नाही, त्याला कोणी काही बोलत नाही. तो आपला डबा उचलतो आणि निघतो.

“आखाजीपर्यंत बघू,” शेठ म्हणाले. “तोवर तू डोळे उघडे ठेव. तेल कुठे गेलं ते कळलं नाही, तर यंदा लोटनचं उपरणं नाही.”

डोळे उघडे ठेवायला नूतनला सांगावे लागत नाही. ती लोटनभाऊंचा जेवणाचा डबा जाताना जड आहे का हे बघू लागली. सायकलच्या दांडीला पाण्याची एक कॅन टांगलेली असे. तिच्यात काय असावे, याचा तिने विचार केला. आणि मग तिला कळले, की लोटनभाऊंच्या सुनेने, भूमिकाने, होळीच्याच सुमाराला एसटी स्टँडजवळ भज्यांची गाडी लावली आहे. होळी, भजी, चार डबे. आता शोधायचे काही उरलेच नव्हते.

ती गाडीवर गेली. मिरचीची भजी घेतली, त्यातले एक चवीपुरते खाल्ले, बाकीची तिथल्याच कुत्र्याला घातली आणि तेलाने माखलेला कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला.

भूमिका झारा हातात धरून बघत होती. “ताई, भजा खावाले बठ्ठा गाव येस,” ती अहिराणीत म्हणाली. “कागद लई जाणारं गिऱ्हाईक आजच देखं.”

“कागद छान आहे,” नूतन म्हणाली.

सरकीचे तेल ओळखायची एक जुनी परीक्षा आहे. गंधकाचे एक घाणेरड्या वासाचे द्रावण तेलात मिसळून तापवले, की सरकीचे तेल लाल होते. कागदावरून निपटलेल्या तेलावर तिने ती परीक्षा केली. तेल लाल झाले नाही. ते सोयाबीनचे असावे. यावर दुसरे कोणी असते तर लोटनभाऊंची मनात माफी मागून मोकळे झाले असते. नूतनने असा निष्कर्ष काढला, की माणूस हुशार आहे; आपले तेल बाहेर विकतो आणि गाडीवर दुसरे वापरतो.

दुसऱ्या दिवशी आकडा ऐकायला लोटनभाऊ खिडकीखाली थांबले नाहीत. ते जिना चढून थेट वर आले. सुनेने सांगितले असणार.

“ताई, भजा कशा व्हतात?”

“मीठ जास्त होतं.”

“व्हई. तिना हात जड शे.” ते दारातच उभे राहिले. “तुम्ही जितलं सांगतस, तितलंच मी टाकस. थेंब कमी नई, थेंब जास्त नई. पण यंदा गाळ जास्त पडी राह्यना. आम्ल वाढनं म्हणतस, म्हणून पडत व्हई. ते तुम्हलेच माहीत.”

“गाळ जास्त पडला तर तेल कमी का होतं?” नूतनने विचारले.

“ते बी तुम्हलेच माहीत,” लोटनभाऊ म्हणाले आणि आकडा घेऊन खाली गेले.

त्या बोलण्यात काही डाव आहे का, याचा ती दिवसभर विचार करत राहिली.

आखाजी आठवड्यावर आली, तेव्हा धुळ्याच्या एका तेलगिरणीतून कच्च्या तेलाचा टँकर आला. पाठवणाऱ्यांनी आम्ल एक पूर्णांक तीन टक्के सांगितले होते. नूतनच्या टेबलावर तेरा मिलिलिटरनंतर गुलाबी रंग आला नाही, चौदानंतर आला नाही, पंधरानंतर आला आणि विरला. अलीकडे रंग असाच कुरकुरत येई. रंगाचे द्रावण देणाऱ्या दुकानदाराची तिने मागच्याच महिन्यात खरडपट्टी काढली होती. सोळाला रंग टिकला.

आता धुळ्याचे लोकही चोर निघाले. तिने फोन लावला. पलीकडे अमृतनाना होते, त्या गिरणीचे केमिस्ट. पंचवीस वर्षे याच कामात मुरलेले.

“आमचं एक पॉइंट तीनच आहे,” नाना म्हणाले.

“माझ्याकडे एक पॉइंट सहा येतंय.”

“मग तू ये इथं. तुझं अल्कली घेऊन ये. एकाच टेबलावर बघू कोण खोटं बोलतंय.”

हे आव्हान तिच्या स्वभावाला गुळासारखे होते. तिने टँकरमधल्या तेलाचा सीलबंद नमुना घेतला आणि अल्कलीची बाटली उचलली. त्या बाटलीला काचेचे बूच चालत नाही. अल्कली काचेला चिकटून बूच निघेनासे होते. रबरी बूच लागते, आणि ते थंडीच्या अखेरीस तडकले होते. नवे मागवावे म्हणताना हंगाम सरत आला आणि तिने तोंडाला कापसाचा बोळा लावून दिला. दिवाळीत वच्छलाबाईंनी वातींसाठी घरचा, हाताने सरकी काढलेला कापूस पाठवला होता, त्यातलाच. तिच्या गावच्या घरी रॉकेल, एरंडेल, फिनेल, कशाच्याही बाटलीला बूच हरवले की कापूसच लागे. खानदेशातल्या घरात बूच विकत आणणे ही उधळपट्टी समजतात. बसमध्ये सांडू नये म्हणून तिने बोळ्यावरून प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि रबर बांधले.

“या, फौजदारीणबाई,” अमृतनाना दारातच म्हणाले.

नाव धुळ्यापर्यंत पोचले होते. ते कोणी पोचवले, हा प्रश्न तिने परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवला.

दोघांनी एकच तेल घेतले. नानांच्या अल्कलीने तेरा. नूतनच्या अल्कलीने सोळा.

“झालं,” नाना म्हणाले. “दोघांपैकी एकाची बाटली खोटी.”

“तुमची,” नूतन म्हणाली.

“असेल बाई. ठरवू.”

ठरवायचा मार्ग दोघांनाही ठाऊक होता. ऑक्झॅलिक आम्लाचे खडे शुद्ध मिळतात आणि तोलून घेता येतात. त्यांच्यापुढे कोणत्याही अल्कलीची खरी ताकद उघडी पडते. नूतनने नानांना तोलू दिले नाही. खडे तिने स्वतः तोलले, पाणी स्वतः ओतले, फ्लास्कही दोनदा स्वतः धुतले. दहा मिलिलिटर लागावे इतके आम्ल दोन्हीकडे होते. नानांचे अल्कली दहाला थांबले. तिचे दहाला थांबले नाही, अकराला नाही, बारालाही नाही. बाराच्या वर तीन रेषा चढून ते थांबले.

तिने नळी पुन्हा भरायला बाटली उचलली, रबर काढले, पिशवी काढली आणि बोळा ओढला. तो निघताना कुरकुरला. खालच्या बाजूने कापूस कडक झाला होता आणि त्याच्यावर पांढरा खार धरला होता.

कापसातून हवा जाते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली मरते. हे तिने पहिल्या वर्षाला वाचले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. दरवर्षी भर हंगामात बाटली पंधरवड्यात संपे. मरायला अल्कलीला वेळच मिळत नसे. यंदा काम कमी, म्हणून एकच बाटली थंडीच्या अखेरीपासून आखाजीपर्यंत पुरली, आणि भर उन्हाळ्यात त्या बोळ्यातून दररोज थोडी थोडी दुबळी होत गेली. तेलातले आम्ल वाढलेच नव्हते. मारणारे दुबळे झाले होते, म्हणून जास्त लागत होते. आणि नूतन ती सगळी वाढ आम्लाच्या नावावर टाकत होती.

केटलमध्ये पडणारे कॉस्टिक मात्र ताजे, पूर्ण ताकदीचे होते. ते तिने गरजेहून जास्त टाकायला सांगितले, आणि आम्ल संपल्यावर ते चांगल्या तेलाकडे वळले. तेल फाटकाबाहेर गेलेच नव्हते. ते साबण होऊन गाळात बसले होते, लोटनभाऊंच्या डोळ्यांसमोर.

सगळ्यांवर संशय घेणाऱ्या बाईने ताकद तपासली नव्हती ती एकाच बाटलीची. ती तिने स्वतःच्या हाताने बनवली होती ना.

“कापूस कोणी लावला?” नानांनी विचारले.

“मीच.”

नानांनी कपाटातून एक रबरी बूच काढून तिच्यापुढे ठेवले. तिने ते दाबून पाहिले, प्रकाशात धरून भेग आहे का ते पाहिले आणि मग पिशवीत टाकले.

परतीच्या बसमध्ये तिने पूर्ण हिशेब केला. जास्तीच्या कॉस्टिकने किती तेलाचा साबण झाला, आणि त्या साबणाने आपल्यासोबत आणखी किती तेल खाली ओढले. घाणीमागे साडेतीन डबे निघाले. ती पुन्हा पहिल्यापासून बसली. पुन्हा साडेतीन. अमळनेरचा स्टँड आला, भूमिकाची गाडी खिडकीतून मागे गेली, आणि उरलेल्या अर्ध्या डब्याचे काय, हा प्रश्न काही सुटला नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी तिने शेठना सगळे सांगितले.

“म्हणजे लोटनने तेल घेतलं नाही?”

“साडेतीन डबे घेतले नाहीत.”

“हे काय बोलणं झालं?”

“जेवढं कळलं तेवढं बोलते, शेठ.”

शेठनी पेनचे टोपण लावले. “बरं. उद्या त्याच्या खांद्यावर उपरणं टाकतो, विषय संपला. तू कुठे बोलू नकोस. केमिस्टची बाटली खोटी होती असं बाहेर गेलं, तर तेल देणारे माझ्या डोक्यावर बसतील. यापुढे तुझा कोणताच आकडा कोणी मानणार नाही.”

ते खोटे नव्हते. धुळ्यापासून जळगावपर्यंतच्या गिरण्यांत तिच्या आकड्यावर तेल आंबट की गोड ते ठरत असे. त्या एका गोष्टीवर तिचा कडक स्वभाव लोक सोसत होते. आणि लोटनभाऊंचे साल तर वाचतच होते. ती हो म्हणून घरी गेली. त्या संध्याकाळी वच्छलाबाईंचा फोन आला. मांडे करायला कोणी हात देत नाही, लेक आखाजीला कधी येणार? “उद्या फाटकावरून तशीच निघते,” नूतन म्हणाली. “आणि आई, कापूस पाठवू नकोस आता.”

सकाळी फाटकाशी कामगार जमले. बाहेरच्या निंबाला मुलींनी झोका बांधला होता आणि त्याचा करकर आवाज आत येत होता. शेठ एकेकाच्या खांद्यावर उपरणे टाकत चालले. लोटनभाऊ शेवटी उभे होते, जेवणाचा डबा हातात घेऊनच. सगळ्यांना कुणकुण होती. शेठनी उपरणे उलगडले आणि पुढे केले.

लोटनभाऊ मागे सरले.

“काय झालं, लोटन?”

“शेठ, दोन महिना व्हयनात, बठ्ठा मना डबा देखतस. चौकीदार देखस, ताई देखतस. मनी सूनना कागद बी तपासी ग्यात.” कोणीतरी मागे हसले, लोटनभाऊ हसले नाहीत. “आते तुम्ही उपरणं टाकतस. म्हणजे चोरले माफ करं, असंच ना? माले माफी नको. तेल कोठे गयं, ते आधी बठ्ठासना समोर सांगा.”

“अरे, सणाच्या दिवशी...”

“मंग राहू द्या.” त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

शेठनी नूतनकडे पाहिले. गप्प राहा, असे त्या पाहण्यात स्पष्ट लिहिले होते. नूतनचा पाय आधीच पुढे पडला होता.

“तेल साबणात गेलं,” ती म्हणाली. “माझ्या बाटलीतलं अल्कली मेलं होतं. बूच नव्हतं, मी कापूस लावला. त्यामुळे आम्ल होतं त्याहून जास्त दिसलं, आणि मी कॉस्टिक जास्त सांगितलं. लोटनभाऊंनी मी सांगितलं तेवढंच टाकलं. दर घाणीला साडेतीन डबे माझ्यामुळे गेले.”

“साडेतीन?” लोटनभाऊ म्हणाले. “कमी तर चार पडनात.”

“अर्ध्याचं मला माहीत नाही.”

लोटनभाऊंच्या मिशीखाली काहीतरी हलले. “अर्धा बी मी नई लिया, ताई.”

“असेल. मी अजून शोधते आहे.”

“शोधा,” ते म्हणाले, आणि शेठपुढे खांदा केला.

शेठना वाटले तितके आभाळ कोसळले नाही. पण थोडे कोसळले. आता तेल देणारे दोघे-तिघे नमुन्यासोबत आपला माणूस पाठवतात आणि तो नूतनच्या शेजारी उभा राहून रंग बघतो. नूतन त्याला हटकत नाही, फक्त काचेला हात लावू देत नाही. दर सोमवारी ती ऑक्झॅलिकचे खडे तोलून आपल्याच अल्कलीची ताकद तपासते. अर्ध्या डब्याचा शोध चालू आहे. सध्या तिचा रोख केटलच्या खालच्या व्हॉल्व्हवर आहे.

लोटनभाऊ आता आकडा खिडकीतून घेत नाहीत. घाणीच्या दिवशी ते जिना चढून वर येतात, टेबलापाशी जातात आणि बाटलीच्या रबरी बुचावर अंगठा दाबून बघतात. मग म्हणतात, “हां. आते सांगा.” ती आकडा सांगते, ते तो एकदा मोठ्याने म्हणतात आणि खाली उतरतात. त्यांची पावले जिन्याच्या तळाशी पोचली, की नूतन उठते आणि बूच त्यांनी जागचे हलवले तर नाही ना, ते पुन्हा एकदा बघून घेते.